किल्ल्यांचा जुडगा

(मंडळाच्या गेल्या वर्षीच्या गणेशोत्सवात चौथ्या दिवशी सायंकाळी झालेल्या भाषणाचा हा मजकूर. बोलण्याच्या ओघात राहून गेलेल्या दोन-तीन गोष्टी लिहिताना भरल्या आहेत.)



या व्यासपीठावर एरवी संतवाङ्मयावर, शिवचरित्रावर, नाहीतर मधुमेहावर बोलणारी जाणती माणसं येतात. मी राज्य सरकारचा एक साधा नोकर. बेळगावातच संगणकाचा डिप्लोमा केला, नोकरी लागली, दिवसभर कचेरीत कन्नड आणि घरी मराठी असं गेली वीस वर्षं चाललंय. कार्यवाहांनी मला 'संगणक आणि सुरक्षितता' असा विषय दिला. तो फार मोठा आहे. मी त्यातला एकच कोपरा घेतो, कारण त्या कोपऱ्यात माझ्या हातून चूक झालेली आहे आणि ती तुमच्याच वर्गणीच्या बाबतीत झालेली आहे.

आपल्याकडे वर्गणीची पावती आता ई-मेलनं येते, हे तुम्हाला माहीत आहे. पुण्याला, बेंगळुरूला, दुबईला गेलेली मुलं वर्गणी पाठवतात, त्यांना पावती लगेच लागते. तो पावतीचा प्रोग्रॅम मी लिहिला. पायथॉन नावाच्या भाषेत लिहिला, लिनक्सवर चालणारा. लिनक्स का, तर मंडळाकडं जो लॅपटॉप आहे तो कुणीतरी जुना म्हणून दिलेला, दोन जीबी मेमरीचा. त्याच्यावर नवं विंडोज चढलं असतं तर बाप्पाच्या विसर्जनापर्यंत सुरूच होत राहिलं असतं. लिनक्स फुकट आहे आणि जुन्या यंत्रावर चालतं. केरळातल्या सरकारी शाळा वर्षानुवर्षं त्याच्यावरच शिकवतात. मराठीतून शिकायचं असेल तर आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियल या उपक्रमात मराठी आवाजातले धडे आहेत, मीही सुरुवातीला तेच ऐकले.

आता पावती पाठवायची म्हणजे मंडळाच्या मेल खात्याचा पासवर्ड प्रोग्रॅमला लागणार. दर वेळी टाइप करायला काउंटरवर बसणारे आपले ज्येष्ठ सभासद कंटाळणार. म्हणजे तो पासवर्ड संगणकात कुठंतरी ठेवायला हवा. कुठं ठेवायचा, हाच आजचा विषय.

जुन्या घरात किल्ल्यांचा जुडगा असायचा. माझ्या आजीच्या कमरेला होता. कोठीची, देवघरातल्या पेटीची, कपाटाची, सगळ्या किल्ल्या एकाच कडीत. लिनक्समध्ये अगदी हीच सोय आहे आणि तिचं नावही तेच, कीरिंग, म्हणजे जुडगा. आपण सकाळी संगणकात लॉगिन करताना जो पासवर्ड देतो, त्यानंच हा जुडगा उघडतो. आतले सगळे पासवर्ड कुलूपबंद असतात, म्हणजे गणितानं असे उलटेसुलटे केलेले की मूळ पासवर्डाशिवाय वाचता येत नाहीत. कुठल्याही प्रोग्रॅमला पासवर्ड हवा असेल तर तो जुडग्याकडं मागतो. संगणक बंद केला की जुडगाही बंद.

विंडोजमध्ये आणि अ‍ॅपलच्या मॅकमध्ये असा एकेक जुडगा कंपनीनंच करून दिलेला असतो. तिथं प्रश्नच येत नाही. लिनक्सचं तसं नाही. लिनक्सला एक मालक नाही. पडद्यावर जे दिसतं, खिडक्या, मेनू, चित्रं, ते तयार करणारे गट वेगवेगळे. केडीई १९९६ साली सुरू झाला, ग्नोम १९९७ साली. एकाचा जुडगा ग्नोम-कीरिंग, दुसऱ्याचं केवॉलेट, म्हणजे पाकीट. दोघांची बोली वेगळी. एका घरात दोन सुना, दोघींच्या कमरेला वेगवेगळे जुडगे, आणि तिसऱ्या घरात, म्हणजे एलएक्सडीईसारख्या हलक्या मांडणीत, कुणाच्याच कमरेला काही नाही. पुढं दोन्ही गटांनी मिळून 'सीक्रेट सर्व्हिस' नावाची एक सामाईक बोली ठरवली. पण ठरवणं वेगळं आणि अमलात येणं वेगळं. हे सरकारी नोकराला कुणी सांगायला नको. केवॉलेट ती बोली बोलू लागलं ते २०२२ साली.

म्हणजे माझ्यासारखा प्रोग्रॅम लिहिणारा जेव्हा पासवर्ड ठेवायला जातो, तेव्हा समोरच्या घरात जुडगा आहे की नाही, असला तर कुठला, हे त्याला आधी माहीत नसतं.

यासाठी पॅकेज म्हणजे काय ते सांगतो. लिनक्सवर प्रोग्रॅम देताना तो गाठोडं बांधून देतात. मी डेबियन वापरतो. १९९३ पासून चालत आलेलं, जगभरातल्या स्वयंसेवकांनी सांभाळलेलं लिनक्सचं एक घराणं आहे ते. त्यांची वार्षिक परिषद २०२३ साली आपल्या शेजारच्या केरळात, कोचीला झाली. तर डेबियनच्या गाठोड्यावर एक चिठ्ठी असते आणि त्या चिठ्ठीवर लिहावं लागतं की या प्रोग्रॅमबरोबर आणखी काय काय लागेल. त्याच्या तीन पायऱ्या आहेत. आपण गणपतीचंच उदाहरण घेऊ. मूर्ती नसेल तर उत्सवच नाही, ही पहिली पायरी, डिपेंड्स. मखर सहसा असतंच, काही अडचण असेल तरच नसतं, ही दुसरी, रेकमेंड्स. आणि रोषणाई हौसेची, झाली तर बरी, ही तिसरी, सजेस्ट्स.

पहिल्या पायरीतलं सामान संगणक आणल्याशिवाय राहत नाही. दुसऱ्या पायरीतलंही २००९ सालच्या 'लेनी' आवृत्तीपासून आपोआप येतं, पण 'नको' म्हणायची सोय आहे. तिसऱ्या पायरीतलं कुणी मुद्दाम मागितलं तरच. चिठ्ठी लिहिणाऱ्याला वाटतं, काय मोठंसं, तीन ओळी तर लिहायच्या. मलाही तसंच वाटलं होतं.

यात एक मेख आहे. जुडग्याशी बोलणारा दुभाषा वेगळा आणि प्रत्यक्ष जुडगा वेगळा. प्रोग्रॅमबरोबर दुभाषा येतो, कारण त्याच्याशिवाय प्रोग्रॅम सुरूच होत नाही आणि गाठोडं बांधणारी यंत्रणा बहुतेक वेळा ते आपणहून ओळखते. पण दुभाषा आला म्हणून साहेब कचेरीत आहेत असं होत नाही. जुडगा आहे की नाही हे यंत्रणेला कळत नाही. ते माणसानं चिठ्ठीवर लिहायचं असतं.

आता माझी चूक. मी प्रोग्रॅम माझ्या स्वतःच्या लॅपटॉपवर लिहिला. तिथं ग्नोम होतं, जुडगा होता, सगळं सुरळीत चाललं. मंडळाच्या लॅपटॉपवर मात्र मी जागा वाचवायला म्हणून कमीत कमी डेबियन, त्यावर एलएक्सडीई, आणि शिफारशीचं सामान 'नको' असं सांगून बसवलं होतं. तिथं प्रोग्रॅम चालवला तर लांबलचक चूक दाखवून बंद पडला. उत्सव तीन दिवसांवर. रात्रीचे साडेअकरा. त्या चुकीच्या संदेशात लिहिलं होतं की शिफारस केलेला एकही जुडगा सापडला नाही. तो बसवा, किंवा शिफारस नसलेले चालणार असतील तर अमुक नावाचं पॅकेज बसवा. अगदी सरळ लिहिलं होतं, शिफारस नसलेले. मी त्या घाईत वाचलं काय, तर शेवटचं पॅकेजचं नाव. कीरिंग्ज-ऑल्ट. ते बसवलं. चूक गेली. प्रोग्रॅम चालला. मी खूश होऊन ते नाव गाठोड्याच्या चिठ्ठीवर पहिल्याच पायरीत, डिपेंड्समध्ये लिहून टाकलं आणि झोपलो.

त्या पॅकेजनं काय केलं? जुडगा नाही म्हटल्यावर त्यानं पासवर्ड एका साध्या फाइलमध्ये लिहून ठेवला. अगदी जसाच्या तसा नाही, बेस-६४ नावाच्या पद्धतीनं अक्षरं बदलून. बघणाऱ्याला वाटतं, काहीतरी गुप्त दिसतंय. पण ती मोडी लिपी आहे हो. आपल्या भागात जमिनीचे जुने कागद मोडीत असतात. तुम्हाआम्हाला ते अगम्य वाटतात, म्हणून काही ते गुप्त नसतात. ज्याला मोडी येते तो चहा घेता घेता वाचून दाखवतो. मोडी म्हणजे कुलूप नव्हे. बेस-६४ वाचायला तर माणूसही लागत नाही, कुठल्याही संगणकावर एका ओळीची आज्ञा पुरते.

त्या पॅकेजला दोष देण्यात अर्थ नाही. त्यानं सांगून केलं. घरात चांगली तिजोरी असेल तर तीच वापरतं, नसेल तर फडताळात ठेवतं. ते गुपचूप चालू राहावं अशी व्यवस्था मी केली. काउंटरवर बसलेल्या आपल्या सभासदांना त्याचा पत्ता नव्हता, आणि खरं सांगायचं तर मलाही नव्हता. पासवर्ड 'सेव्ह' झाला असं पडद्यावर हिरव्या अक्षरांत यायचं. ती हिरवी अक्षरं मीच लिहिली होती.

उत्सव संपला. पावसाळ्यानंतर तो लॅपटॉप कपाटात पडून राहण्यापेक्षा मुलांना सरावाला द्यावा असं ठरलं, तो दिला. लॉगिनचा पासवर्डही नको, बटण दाबलं की सुरू व्हावा, अशी सोयही मीच करून दिली. दीड महिन्यानं दहावीतला एक मुलगा संध्याकाळी घरी आला. त्याचं नाव सांगत नाही, त्याला आवडणार नाही. दारातच उभा राहून म्हणाला, "काका, रागावू नका. मंडळाचा पासवर्ड मला दिसलाय." मी म्हटलं, "कसा काय?" म्हणाला, "लपवलेल्या फाइली बघायलो होतो. एका फाइलीत चोवीस अक्षरं होती आणि शेवटी दोन बरोबरच्या खुणा. त्यावरनं ओळखलं." खरंच आहे. गुगलचा अ‍ॅप पासवर्ड सोळा अक्षरांचा असतो, तो बेस-६४ मध्ये लिहिला की चोवीस जागा होतात आणि शेवटच्या दोन जागांवर बरोबरचं चिन्ह येतं. पोरानं खुणेवरून चोर पकडावा तसा पकडला.

मी त्याला आत बोलावलं, चहा दिला. मग विचारलं, "मेल उघडून बघितलीस का?" तो म्हणाला, "नाही." मी त्याच्यावर विश्वास ठेवला, अजूनही ठेवतो. पण मंडळी, त्या खात्यात काय होतं याचा विचार करा. वर्गणीदारांचे पत्ते, फोन नंबर, कुणी बँकेच्या पासबुकाचा फोटो पाठवलेला, एका आजोबांनी तर देणगीबरोबर आपल्या घरच्या अडचणीचं चार पानी पत्र लिहिलेलं. मंडळावर विश्वास म्हणून पाठवलेलं. ते सगळं दीड महिना एका खोलीत, बटण दाबलं की उघडं, असं पडून होतं.

त्याच रात्री तो अ‍ॅप पासवर्ड गुगलच्या खात्यातून रद्द केला. खात्याचा मूळ पासवर्ड वेगळा असतो, म्हणून एवढ्यावर भागलं. दुसऱ्या दिवशी अध्यक्षांना जाऊन सांगितलं. ते काही क्षण गप्प राहिले आणि म्हणाले, "पुढच्या सभेत तूच सांग." सभेत सांगितलं. आज दुसऱ्यांदा सांगतोय.

मग मी हा विषय जरा नीट वाचला, आणि कळलं की घसरणारा मी एकटा नाही. क्रोमियम नावाचा ब्राउझर आहे, ज्याच्यावर गुगलचं क्रोम उभं आहे. लिनक्सवर त्याला जुडगा मिळाला नाही तर तो पासवर्ड कुलूपबंद करतो खरा, पण त्या कुलपाची किल्ली सगळीकडं एकच, आणि ती त्याच्या जगजाहीर कोडमध्येच लिहिलेली. शब्द कोणता, तर 'पीनट्स'. शेंगदाणे! जगभरात अशा प्रत्येक यंत्रावर शेंगदाणे हीच किल्ली. सिग्नल हे निरोपांचं अ‍ॅप गुप्ततेसाठी प्रसिद्ध. त्याच्या संगणकावरच्या आवृत्तीत संदेशांच्या पेटीची किल्ली साध्या फाइलीत पडलेली असायची. २०१८ पासून लोक सांगत होते. २०२४ साली बराच गवगवा झाल्यावर त्यांनी जुडगा वापरायला सुरुवात केली. आणि गंमत बघा, त्यानंतर लिनक्सवर जो कुणी ग्नोम सोडून केडीईवर गेला, त्याची पेटीच उघडेना, कारण किल्ली राहिली जुन्या सुनेच्या जुडग्यात.

याच्या उलट पिजिन नावाचा गप्पांचा एक जुना प्रोग्रॅम. तो पासवर्ड उघड्या अक्षरांत ठेवतो आणि त्याचे कर्ते ते उघडपणे सांगत आले. त्यांचं म्हणणं असं, की किल्ली शेजारीच ठेवायची असेल तर कुलपाचा देखावा कशाला? त्यानं माणूस गाफील होतो. त्यापेक्षा फाइल उघडी आहे हे माहीत असू दे, म्हणजे तो तिला जपेल. पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला हा आळशीपणा वाटला. आता तसं वाटत नाही. माझ्या हिरव्या अक्षरांपेक्षा ते कितीतरी प्रामाणिक.

व्हीएस कोड हा प्रोग्रॅम लिहिणाऱ्यांचा लाडका संपादक. जुडगा सापडला नाही तर तो थांबतो, तसं सांगतो, आणि कमी सुरक्षित पद्धत चालेल का असं विचारतो. निर्णय माणसाकडं ठेवतो. मी याच्यावरून धडा घेतला.

मग चिठ्ठी नव्यानं लिहायला बसलो. पहिला विचार आला तो असा, की ग्नोम-कीरिंग पहिल्या पायरीत टाकावं, म्हणजे प्रत्येक यंत्रावर जुडगा येईलच. पण आपल्या खजिनदारांच्या घरी केडीई आहे. त्यांच्या यंत्रावर पाकीट असताना जुडगाही येऊन बसणार, आणि एकाच नावानं हाक मारल्यावर दोघंही 'ओ' देणार. कुणाकडं काय ठेवलंय हे मग खजिनदारांनाच कळायचं नाही. शिवाय जो कुणी हा प्रोग्रॅम फक्त पावत्या छापायला वापरेल, मेल पाठवणारच नाही, त्याच्या गळ्यात हे ओझं कशाला? आर्च नावाच्या दुसऱ्या घराण्यात याची एक छान युक्ती आहे. तिथं सीक्रेट सर्व्हिस हे एक पद मानलं आहे. ग्नोम-कीरिंग, केवॉलेट, कीपास-एक्ससी, जो कुणी ते काम करतो तो आपण त्या पदावर असल्याचं जाहीर करतो. मग चिठ्ठीवर माणसाचं नाव न लिहिता पदाचं नाव लिहिता येतं. कचेरीत आपण अर्ज 'मा. तहसीलदार' असा लिहितो, त्या खुर्चीवर कोण आहे ते बघत नाही. तसंच.

डेबियनमध्ये मी असं केलं. दुभाषा पहिल्या पायरीत. जुडगा दुसऱ्या पायरीत, आणि तोही 'हा किंवा तो' असा पर्याय देऊन. म्हणजे एक आधीच असेल तर दुसरा ओढला जात नाही. आणि ते कीरिंग्ज-ऑल्ट चिठ्ठीवरून काढून टाकलं, तिसऱ्या पायरीतही ठेवलं नाही.

पण चिठ्ठी कितीही चांगली लिहिली तरी माझ्यासारखा कुणी शिफारशीचं सामान 'नको' म्हणणारच. तेव्हा काय करायचं ते प्रोग्रॅममध्ये लिहावं लागतं. आता जुडगा नसेल तर पडद्यावर मराठीत येतं : 'या संगणकावर पासवर्ड ठेवायला सुरक्षित जागा नाही. पासवर्ड साठवला जाणार नाही. आज काम संपेपर्यंतच लक्षात ठेवला जाईल.' ही तीन वाक्यं लिहायला मला मूळ प्रोग्रॅमपेक्षा जास्त वेळ लागला. घाबरवायचं नाही, लपवायचंही नाही. घरी बायकोला वाचून दाखवली. तिनं पहिल्या मसुद्यातला 'कूटबद्ध' शब्द काढायला लावला.

आणखी एक गोष्ट राहिली होती. नवं गाठोडं बसवलं तरी जुनी फाइल तिथंच राहते. पॅकेज बसवताना लोकांच्या घरच्या फोल्डरमध्ये हात घालायचा नाही, असा दंडक आहे आणि तो योग्यच आहे. दुरुस्तीला आलेल्या गवंड्यानं कपाट उघडू नये. म्हणून प्रोग्रॅमच पहिल्यांदा सुरू होताना जुनी फाइल आहे का बघतो, असेल तर मालकाला सांगतो आणि विचारून त्यातली आपली नोंद पुसतो. पुसलं म्हणजे गेलंच असं नसतं, डिस्कवर माग राहू शकतो. म्हणून तिथं ठेवलेला पासवर्ड रद्द करून नवा घ्यायलाही सांगतो.

पर्यायी सामान काढून टाकण्याचा अतिरेकही होतो, तेही सांगतो. २०२४ साली डेबियनच्या चाचणीतल्या आवृत्तीत कीपास-एक्ससी या पासवर्ड सांभाळणाऱ्या प्रोग्रॅमच्या बाबतीत असंच झालं. पॅकेज सांभाळणाऱ्यानं सुरक्षिततेचा विचार करून ब्राउझरशी जोडणी वगैरे सगळी जादा अंगं कापली, आणि ती हवी असणाऱ्यांसाठी वेगळं 'फुल' पॅकेज केलं. लोकांनी नेहमीसारखं अपडेट केलं आणि दुसऱ्या दिवशी ब्राउझरात पासवर्ड येईनात. मूळ प्रोग्रॅम लिहिणारे नाराज झाले, पुष्कळ वाद झाला. दोन्ही बाजूंत तथ्य होतं. माझं मत विचाराल तर छोटं पॅकेज काढायला हरकत नव्हती, पण लोक ज्या नावाला सरावले होते ते नाव त्याला द्यायला नको होतं.

आता निपाणीचं सांगतो. हे सांगू की नको असं दोन दिवस चाललं होतं.

निपाणीला माझे काका असतात. तंबाखूच्या वखारीत दिवाणजी होते, आता वय ऐंशीच्या पुढं. त्यांच्या संगणकावर मीच लिनक्स बसवून दिलं, जुडग्यासकट. काका आणि काकू दोघंही तोच वापरायचे. काकू त्याच्यावरून ऑस्ट्रेलियातल्या लेकीला रोमन लिपीत मराठी लांब लांब मेल लिहायच्या. तिच्याकडून पाककृती विचारणं, इकडच्या लग्नकार्यांच्या बातम्या. पुढं काकू गेल्या. वर्षभरानं काका लॉगिनचा पासवर्ड विसरले. मला फोन आला, मी रविवारी गेलो आणि दुरुस्तीच्या मार्गानं आत शिरून नवा पासवर्ड करून दिला. पाच मिनिटांचं काम.

संध्याकाळी पुन्हा फोन. "अरे, हे परत कसली तरी किल्ली मागायलंय." लॉगिनचा पासवर्ड मी बाहेरून बदलला होता. जुडग्याला ते माहीत नाही, त्याला जुनाच पासवर्ड हवा. आपण स्वतः जुना पासवर्ड देऊन नवा केला तर जुडगाही बरोबर बदलतो. असा खिडकीतून आत शिरून बदलला तर बदलत नाही, आणि बदलताही कामा नये, नाहीतर कुणीही खिडकीतून शिरेल. काकांना हे फोनवर समजावलं तर ते लगेच म्हणाले, "म्हणजे वखारीचं कुलूप तोडलं म्हणून आतली तिजोरी उघडत नाही, असंच ना?" अगदी असंच.

इथपर्यंत ठीक होतं. पण तो प्रश्न रोज पडद्यावर येऊन काका वैतागले. पुढच्या रविवारी गेलो आणि जुडग्याची फाइल काढून टाकली. नवा रिकामा जुडगा तयार झाला, प्रश्न विचारायचा थांबला. काकांचे पासवर्ड एका लाल चोपडीत लिहिलेले होतेच, ते पुन्हा भरले. काकूंचा मेलचा पासवर्ड मात्र कुठंच लिहिलेला नव्हता. तो फक्त ब्राउझरला माहीत होता, आणि ब्राउझरच्या पेटीची किल्ली होती जुडग्यात. उघडलेलं खातंही त्याच किल्लीवर उघडं राहिलेलं, तेही बंद झालं. परत मिळवायला खात्याला जोडलेला नंबर काकूंचा, तो सहा महिन्यांपूर्वीच बंद केलेला.

आणि तिसऱ्या दिवशी काकांना जुना पासवर्ड आठवला. त्यांच्या वखारीचा जुना नंबर होता तो. फोनवर त्यांचा आवाज किती आनंदाचा होता. फाइल असती तर तो पासवर्ड घालून जुडगा उघडला असता. मी ती नुसती बाजूला ठेवली असती, नाव बदलून, तरी चाललं असतं. डिस्कवरून परत काढायचा पुष्कळ प्रयत्न केला, तुकडे मिळाले, उपयोग झाला नाही. लेकीकडं तिला आलेल्या मेल आहेत, त्या तिनं छापून पाठवल्या. काकूंनी निम्म्या लिहून ठेवलेल्या, न पाठवलेल्या मेल असतील तर त्या गेल्या. काका मला एका शब्दानं बोलले नाहीत. "राहू दे रे," एवढंच म्हणाले आणि जेवायला बसवलं.

तेव्हापासून मी कुणाचाही जुडगा पुसत नाही. फाइल वेगळ्या नावानं तारीख घालून ठेवतो आणि घरातल्या दोन माणसांना सांगून ठेवतो. आपल्या पावतीच्या प्रोग्रॅमलाही मी तेच शिकवलंय : जुडगा उघडला नाही तर 'नवा करू का' असं तो विचारत नाही, आज पासवर्ड टाइप करा, एवढंच म्हणतो.

एक मर्यादा सांगायलाच हवी. जुडगा एकदा उघडला की तुमच्या नावानं चालणारा कुठलाही प्रोग्रॅम त्याच्याकडं मागू शकतो, आणि लिनक्सवर तो सहसा देतो. आजीच्या कमरेचा जुडगाही आजी झोपली की नातवंडांच्या हाती लागायचाच. म्हणून नको ते प्रोग्रॅम बसवू नका, आणि बटण दाबलं की सुरू होणारी सोय तर अजिबात ठेवू नका. ती ठेवली की जुडगा आपोआप उघडत नाही. मग लोक कंटाळून जुडग्याचा पासवर्ड कोरा ठेवतात आणि आतलं सगळं पुन्हा उघडं पडतं.

तो दहावीतला मुलगा आता डिप्लोमाला आहे. प्रोग्रॅमचं गाठोडं या वर्षी त्यानं बांधलंय, चिठ्ठी त्यानं लिहिलीय, मी फक्त तपासली. पहिल्या पायरीतलं एक नाव त्यानं दुसरीत टाकलं होतं, त्यावर आमचा तासभर वाद झाला. त्याचंच बरोबर निघालं.

पावत्यांचं काउंटर बाहेर उजव्या हाताला, चपलांच्या स्टँडशेजारी आहे. लॅपटॉप तोच जुना आहे, तेव्हा सुरू व्हायला थोडा वेळ घेईल, आणि सकाळी पहिल्यांदा बसणाऱ्याला पासवर्ड विचारेल. तो माझ्याकडं किंवा खजिनदारांकडं मागावा. कुणाला काही विचारायचं असेल तर आरतीनंतर मी इथंच आहे.